उठा, वाघमारे

सर, काकूंच्या चित्रातली निळी साडी मी रंगवली. तुम्ही नव्हे. तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, तुम्ही कोथरूडला शुभाताईंकडे काळा चष्मा लावून बसला होतात, आणि इकडे मी तुमच्या खोलीत, तुमच्या स्टुलावर बसून, तुमच्या बायकोच्या चित्रावर ब्रश चालवला. नंतर तुम्ही विचारलंत तेव्हा तोंडावर खोटं बोललो. आणि त्यानंतर सहा वर्षं, जिथे जिथे तुम्ही त्या निळ्याची गोष्ट सांगितलीत तिथे तिथे पहिल्या रांगेत बसून मान डोलावली.

तुम्ही जाऊन आज सतरा दिवस झाले. जुने विद्यार्थी मिळून स्मरणिका काढतायत. शुभाताईंनी त्यासाठी मला दोनदा फोन केला, दुसऱ्यांदा, शोकसभेनंतर, जरा वेगळ्या आवाजात. म्हणाल्या, "तुम्ही बाबांच्या सगळ्यात जवळचे. तुमची दोन पानं हवीतच." स्मरणिकेत चांगलंच लिहायचं असतं हे मला कळतं. बाकीचे लिहितीलच. त्यांच्या लेखांत तुम्ही ऋषितुल्य असाल, आणि ते वाचून तुम्ही म्हणाला असतात, "ऋषी कसला? मी रोज दाढी करतो."

मला तुमचा राग येतो, सर. माणूस गेल्यावर राग जातो असं म्हणतात. माझा गेलेला नाही. उलट आता तो कुणावर काढायचा ही पंचाईत झाली आहे.

नारायण पेठेतला तुमचा रविवारचा वर्ग पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर होता. खाली गिरणी सुरू झाली की वर आमच्या पाण्याच्या डब्यांत बारीक वर्तुळं उठायची आणि ओल्या कागदावर पिठाची भुकटी बसायची. येरवड्याहून दोन बस बदलून मी यायचो. वडील छापखान्यात कामाला होते. शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंनी चिठ्ठी दिली होती म्हणून तुम्ही मला घेतलंत. चिठ्ठी वाचून म्हणालात, "बाईंचं अक्षर चांगलं आहे. तुमचं काय चांगलं आहे ते बघू."

तुम्ही आम्हा पोरांना 'अहो' म्हणायचात. चौदा वर्षांच्या मुलाला 'अहो वाघमारे'. नवीन मुलाला आधी मान मिळाल्यासारखं वाटायचं. एका आठवड्यात कळायचं की मान काढून घेण्याची ती तुमची पद्धत आहे. "अहो वाघमारे, हे झाड आहे की फ्लॉवर? भाजीवाल्याकडे पाहून काढलंत का?" "अहो, ही म्हैस आपण कुठे पाहिलीत? नाही, तिला डॉक्टरकडे न्यायला हवी." सगळा वर्ग हसायचा. ज्याची म्हैस असेल तोही हसायचा, कारण न हसणं परवडायचं नाही.

आणि मग तुमची ती फेरी. साडेनऊ वाजता तुम्ही खुर्चीवरून उठायचात, हातात तुमचा तो रुंद चपटा ब्रश. एकेकाच्या मागे येऊन उभे राहायचात. बरं काही दिसलं नाही तर, आणि ते क्वचितच दिसायचं, एकच शब्द बोलायचात. "उठा."

मग आम्ही उठायचं. तुम्ही आमच्या जागेवर बसायचात, आमच्या चित्रावर आपला ब्रश फिरवायचात, आणि आम्ही मागे हात बांधून बघायचं. तुम्ही त्याला दुरुस्ती म्हणायचात. पाच मिनिटांत मेलेलं चित्र उठून बसायचं, हे मी नाकारत नाही. मी तिथेच शिकलो, तुमच्या खांद्यामागे उभा राहून. सावली काळी नसते, पानाच्या मागच्या बाजूला आकाश लागलेलं असतं, माणसाचं वजन कुठल्या पायावर आहे ते आधी पाहायचं, हे सगळं तिथलं. पण घरी नेलेल्या चित्राला कुणी चांगलं म्हटलं की प्रश्न पडायचा. कुणाला चांगलं म्हणतायत?

तुमचा आणखी एक नियम होता. चित्र संपलं की ते उलटं करायचं आणि कोणकोणते रंग वापरले ते मागे लिहायचं. "पुढे खोटं बोलता येतं," तुम्ही म्हणायचात. "मागे बोलू नये." तुम्ही स्वतः आयुष्यभर ते पाळलंत. तुमच्या प्रत्येक कॅनव्हासच्या मागे तुमच्या उभ्या, करकरीत अक्षरात यादी असायची. पण आमच्या चित्रांमागे तुमचा ब्रश लागल्याचं आम्ही कधी लिहिलं नाही, आणि तुम्ही कधी लिहायला सांगितलं नाही.

पंधरा वर्षांचा असताना मी आईचं चित्र काढलं. उंबऱ्यात बसून ती सुपात तांदूळ निवडतेय. तिची ठेवणीतली साडी होती, गडद निळी, जयंतीच्या दिवशी नेसायची ती. आमच्या वस्तीत त्या दिवशी गल्लीभर तोच रंग असायचा. चित्रासाठी म्हणून तिने ती मधल्याच एका दिवशी पेटीतून काढली, दोनदा आरशात पाहिलं आणि मग सूप घेऊन बसली. मी तीन रविवार त्या निळ्याच्या मागे होतो. चौथ्या रविवारी तुम्ही मागे येऊन उभे राहिलात.

"उठा."

तुम्ही राखाडी रंग कालवलात. माझ्या डोळ्यांदेखत आईच्या खांद्यापासून पायाच्या बोटांपर्यंत तो ओढत नेलात. "अहो, एवढा निळा डोळ्यात जातो. चित्रात एकच माणूस ओरडायला लागला तर बाकीच्यांनी काय करायचं?"

त्या चित्राला आंतरशालेय स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. शाळेच्या सभागृहात ते लावलं होतं. आई कामावरून लवकर सुटून पाहायला आली. बराच वेळ समोर उभी राहिली. मग म्हणाली, "तोंड माझंच हाय. साडी कुणाची नेसवलीस?"

"सरांनी केलं ते."

"मग सरांना सांग की. माझी साडी निळी होती म्हणावं."

"सांगतो," मी म्हणालो.

सांगितलं नाही. दहावी झाल्यावर तुम्ही आमच्या घरी आलात. तेव्हाही नाही. तो दिवस मला लख्ख आठवतो. वडील मला छापखान्यात चिकटवणार होते, ते तुमच्या कानावर गेलं होतं. तुम्ही सायकल मारत येरवड्याला आलात, खाटेवर बसलात आणि वडिलांना म्हणालात, "तुमचा मुलगा काही फार चांगला नाही. पण बाकीचे त्याहून वाईट आहेत. तेव्हा त्याला कलाशाळेत घाला." तेवढ्या एका वाक्यावर माझं आयुष्य फिरलं, सर. त्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे, आणि ऋणी असण्याचाही मला राग आहे. त्या दिवशी आई चहा घेऊन बाहेर आली तेव्हा ती निळी साडी नेसून आली होती. मुद्दाम. तुमच्यासमोर ट्रे धरून नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहिली. तुम्ही चहा घेतलात आणि कपाचं कौतुक केलंत.

तो निळा कुठला, हे तुम्हाला कळलं होतं का? हे मी तुम्हाला कधीच विचारलं नाही. कळून तुम्ही तो पुसला असेल तर माझा एक राग आहे. न कळता पुसला असेल तर दुसरा. सदतीस वर्षं मी हे दोन राग आलटून पालटून सांभाळत आलो.

पुढे मी चित्रकार झालो नाही. हिंजवडीत एका कंपनीत लागलो, मोबाइलच्या पडद्यावरची चित्रं आणि बटणं करायला. तुम्ही विचारलंत, "म्हणजे नेमकं काय रंगवता?" मी सांगितलं. "अस्सं. कुठलं बटण? लाल की हिरवं?" तरी दर शनिवारी मी तुमच्याकडे येत राहिलो. कॅनव्हास ताणून द्यायचा, ब्रश धुवायचे, टोमणे खायचे. काकू आतून ओरडायच्या, "अहो, त्याला आधी पोहे तरी खाऊ द्या, मग बोला." बायको म्हणायची, तुला तिथे जाऊन मिळतं काय? आता वाटतं, मी एका शब्दाची वाट बघत होतो. 'बरं आहे' एवढाही चालला असता.

वयाच्या ऐंशीच्या आसपास तुमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. डॉक्टर म्हणाले, लगेच काढू. तुम्ही म्हणालात, "हातातलं संपू दे." ते हातातलं दोन वर्षं चाललं. त्या दोन वर्षांत तुम्ही अकरा चित्रं केलीत, आणि ती अकराही चहासारखी तपकिरी झाली. नदी तपकिरी, पूल तपकिरी, आकाश मोहरीच्या तेलासारखं. जुने विद्यार्थी येऊन बघायचे, तुमच्यासमोर वा वा करायचे आणि जिन्यात एकमेकांना म्हणायचे, "सरांचा हात गेला." मीही म्हणायचो. खरं सांगायचं तर सगळ्यात आधी मीच म्हणालो.

अकरावं चित्र काकूंचं होतं. सकाळच्या उन्हात गॅलरीत बसून त्या मेथी निवडतायत. त्या बसायच्या आणि तुम्ही काढायचात, असं दोन महिने चाललं. मग त्या आजारी पडल्या आणि पंधरा दिवसांत गेल्या. उरलेलं चित्र तुम्ही पुढच्या महिन्यात एकट्याने संपवलंत. मग शुभाताईंना म्हणालात, "आता बघायला काय उरलंय? करून टाका ते ऑपरेशन."

तुमच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या निमित्ताने आम्ही प्रदर्शन ठरवलं होतं. ("हजार चंद्र मी मोजलेले नाहीत. तुम्ही मोजले असतील तर तसं कळवा.") त्याच महिन्यात ऑपरेशन झालं. तुम्ही कोथरूडला होतात आणि चित्रांना चौकटी लावून घ्यायला तुमच्या खोलीची किल्ली माझ्याकडे दिली होतीत.

शनिवारची दुपार होती. काकूंचं चित्र स्टँडवर होतं. मध बुडवून काढल्यासारख्या काकू. हातातली मेथीसुद्धा वाळक्या पाचोळ्यासारखी. मला वाटलं, हे लोकांनी पाहिलं तर म्हणतील, म्हाताऱ्याला बायकोची साडीसुद्धा दिसली नाही. मी चित्र उलटं करून पाहिलं. मागे यादी नव्हती. म्हणजे चित्र अजून संपलेलं नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. तुमच्या पेटीत निळी ट्यूब शोधली. सापडली नाही. दोन वर्षांत तुम्ही निळा विकतच घेतला नव्हता. तिथेच मला काहीतरी कळायला हवं होतं. मी माझ्या पिशवीतला काढला.

त्या वेळी मी स्वतःला सांगितलं की ही मदत आहे. गुरूची लाज राखतोय. घरी बायकोलाही तेच सांगितलं आणि तिचे डोळे भरून आले. पण खोलीत काय झालं ते तिला सांगितलं नाही, ते इथे सांगतो. स्टुलावर बसायच्या आधी मी त्या रिकाम्या स्टुलासमोर उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, "उठा, सर."

आणि मग बसलो. काकूंच्या खांद्यापासून पायाच्या बोटांपर्यंत निळा ओढत नेला. इतकं चांगलं मी आयुष्यात कधी रंगवलं नव्हतं. तो निळा कुठला आहे हे मला पहिल्या फटकाऱ्यालाच ठाऊक होतं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी शुभाताई तुम्हाला घेऊन आल्या. तुम्ही काळा चष्मा काढलात आणि भिंतीभिंतीने चालत गेलात. एकेका चित्रापुढे थांबायचात, मान हलवायचात. काकूंपुढे आलात आणि थांबलात. मी मागेच होतो, हात बांधून, सवयीने.

"अहो वाघमारे. हा निळा?"

"तुम्हीच लावलात, सर."

"मी?"

"ऑपरेशननंतर निळा जास्त दिसतो म्हणतात. तेव्हा तुम्हाला दिसत नव्हता इतकंच. लावला तुम्हीच."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. नव्या डोळ्यांनी, अगदी स्वच्छ. मग म्हणालात, "असं?" आणि पुढे गेलात.

दुसऱ्या दिवशी माइकवरून तुम्ही ती गोष्ट पहिल्यांदा सांगितलीत. डोळे गेले होते, निळा दिसत नव्हता, पण हाताला ठाऊक होतं की ही निळी नेसली आहे. हाताने बरोबर ट्यूब उचलली, बरोबर जागी लावली. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. वर्तमानपत्रात फोटोसकट छापून आलं. चित्राला लोकांनीच 'निळी साडी' नाव दिलं. बाकीची दहा चित्रं बघायलाही कुणी थांबलं नाही. ती माळ्यावर गेली.

पुढे सहा वर्षं, शाळेचं स्नेहसंमेलन असो, बक्षीस समारंभ असो, कुणाचा सत्कार असो, तुम्ही ती गोष्ट सांगायचात. आणि शेवटी नेहमी माझ्याकडे वळायचात. "वाघमारे साक्षीला आहेत. काय वाघमारे?"

मी मान हलवायचो. मला वाटायचं, म्हाताऱ्याचा विश्वास बसलाय, आता कशाला मोडायचा? खरं बोलणं क्रूरपणाचं होईल, अशी मी माझी सोय करून घेतली होती.

एकदा, प्रदर्शनाला वर्ष होऊन गेल्यावर, मीच विचारलं, "सर, माळ्यावरची ती दहा चित्रं खाली काढू का? आता तुम्हाला नीट दिसतंय तर रंग दुरुस्त करता येतील."

तुम्ही चहा पीत होतात. कप खाली ठेवलात.

"काय दुरुस्त करता येईल?"

"म्हणजे ते तपकिरी…"

"अहो वाघमारे, दोन वर्षं मी ऑपरेशन कशासाठी थांबवलं असं तुम्हाला वाटतं? भीती वाटत होती म्हणून? मला पुणं तसं दिसत होतं. डॉक्टर ते काढून टाकणार होते. त्यांनी काढायच्या आत मी काढून घेतलं." मग म्हणालात, "हिलासुद्धा मी शेवटची तशीच पाहिली. फक्त तिथे माझा हात माझ्यापेक्षा शहाणा निघाला. नाही का?"

म्हणजे ती चूक नव्हतीच. काकूंना तुम्ही शेवटचं जसं पाहिलं होतंत, तशा त्या जगात फक्त एका जागी होत्या, आणि त्या जागेवर मी माझा रंग चढवून ठेवला होता. मी त्या क्षणी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "हो सर," आणि कप विसळायला घेऊन गेलो.

गेल्या उन्हाळ्यात आपलं भांडण झालं. कारण फालतू होतं. माझ्या मुलीने काढलेलं चित्र मी दाखवायला आणलं होतं आणि तुमचा हात सवयीने ब्रशकडे गेला. मी चित्र ओढून घेतलं.

"काय झालं?"

"तिच्या चित्राला हात लावायचा नाही, सर."

"का? मी हात लावून कुणाचं वाईट झालंय?"

आणि मग सदतीस वर्षांचं एकदम बाहेर आलं. "तुम्ही माझ्या आईची साडी राखाडी केलीत."

"कुठली आई? कुठली साडी?"

तुम्हाला आठवतही नव्हतं. मी सगळं सांगितलं. उंबरा, सूप, जयंतीची साडी, चहाचा ट्रे. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत. मी म्हणालो, "त्याला पहिलं बक्षीस मिळालं."

"मग बिघडलं कुठे?"

"आईने निरोप दिला होता तुम्हाला द्यायला. माझी साडी निळी होती म्हणून. ती जाऊनही बारा वर्षं झाली."

"मग दिलात ना आज निरोप? आता चहा घ्या."

मी घेतला नाही. दारात चपला घालत होतो तेव्हा मागून तुमचा आवाज आला. "वाघमारे. तेव्हा का नाही बोललात?"

"पंधरा वर्षांचा होतो, सर."

"आणि आता?"

मला वाटलं, टोमणा आहे. जिना उतरलो आणि चार महिने आलो नाही. तुम्ही निरोप पाठवला नाहीत, मी फोन केला नाही. मग एका सकाळी शुभाताईंचाच फोन आला. म्हणाल्या, मी इथेच मुक्कामाला होते, चहा घेऊन गेले तर बाबा उठलेच नाहीत.

शोकसभेच्या आदल्या दिवशी काकूंचं चित्र भिंतीवरून उतरवायला मी तुमच्या घरी आलो. सहा वर्षांत ते मी एकदाही भिंतीवरून काढलं नव्हतं. शुभाताई आत चहा करत होत्या. मी चित्र उतरवलं, उलटं टेबलावर ठेवलं आणि धूळ पुसायला फडकं घेतलं.

मागे यादी होती. तुमच्या अक्षरात, उभ्या आणि करकरीत. मी पाहिलं होतं तेव्हा ती नव्हती, म्हणजे ऑपरेशननंतरची. यलो ऑकर. रॉ अंबर. बर्न्ट सिएन्ना. झिंक व्हाइट. त्याखाली एक ओळ सोडून:

'निळा : वाघमारे यांचा.'

खाली तारीख. प्रदर्शन संपलं त्याच आठवड्यातली.

मी खुर्चीवर बसलो. आतून शुभाताई म्हणाल्या, "काय झालं? सापडत नाहीये का फडकं?" मी म्हणालो, "सापडलं." तेव्हाही एवढंच बोललो.

म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. हाताला निळा ठाऊक होता, हाताने बरोबर ट्यूब उचलली, हे सगळं तुम्ही माझा हात डोळ्यांपुढे ठेवून सांगत होतात. 'काय वाघमारे?' हा प्रश्न होता. दर वेळी, शे-दोनशे लोकांसमोर, तुम्ही मला उठायला सांगत होतात आणि मी बसून मान हलवत होतो. दारातलं ते 'आणि आता?'सुद्धा तेच होतं. सहा वर्षं, सर! एकदा, एकट्यात, सरळ विचारलं असतंत तर? थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. पण नाही. तुम्हाला माणूस स्वतःहून उठलेला हवा होता, आणि तो उठत नाही याची मजाही बघायची होती. हे मी तुम्हाला माफ केलेलं नाही.

पण त्या ओळीचं काय करू? तुम्ही आमच्या शेकडो चित्रांना हात लावलात आणि एकाच्याही मागे आपलं नाव घातलं नाहीत. मी तुमच्या एका चित्राला हात लावला आणि तुम्ही माझं नाव लिहून ठेवलंत. हा गुन्हा नोंदवला की श्रेय दिलं? 'यांचा' हा मान होता की टोमणा? तुम्हाला ओळखणारा कुणीही सांगेल, दोन्ही. मला यातलं एकच हवं होतं आणि ते विचारायला आता तुम्ही नाही.

शोकसभा शाळेच्या सभागृहात होती. आईचं राखाडी चित्र लावलं होतं तेच सभागृह. स्टेजवर तुमच्या फोटोला हार, शेजारी काकू. अध्यक्ष तुमचेच जुने विद्यार्थी, त्याच शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. चार भाषणं झाल्यावर ते म्हणाले, "आता ती निळ्या साडीची गोष्ट सर सांगणार नाहीत. पण साक्षीदार आपल्यात आहेत. काय वाघमारे?"

मी उठलो.

माइककडे न जाता चित्राकडे गेलो आणि ते उलटं केलं. खालून कुजबुज झाली. अध्यक्ष हळूच म्हणाले, "अहो, हे काय? पुढची बाजू…" मी यादी वाचून दाखवली, शेवटच्या ओळीसकट. कुणीतरी हसलं. मग मी सगळं सांगितलं, स्टूल, ट्यूब, खोटं, सहा वर्षं. मागच्या रांगेतून एक जण बोलला, "अहो, आज कशाला हे?" पण शुभाताई पहिल्या रांगेतून माझ्याकडेच बघत होत्या. त्या सावकाश म्हणाल्या, "आईकडे निळी साडी नव्हतीच. मला वाटायचं, बाबांचं वय झालं."

मी चित्र पुन्हा सरळ केलं. लोकांकडे पाठ करून तुमच्या फोटोकडे वळलो, आणि जे तुमच्या दारात बोलायला हवं होतं ते तिथे बोललो. जसं बोललो तसंच इथे लिहितो.

"सर, माझ्या आईची साडी निळी होती. हे मी मागे घेत नाही. पण काकूंची नव्हती. तुम्ही त्यांना शेवटचं पाहिलं होतंत, ते मी पुसलं. तुमची जागा रिकामी दिसली म्हणून मी तिथे बसलो, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो. माझं चुकलं, सर. मला माफ करा."